प्रश्नपेटी परत द्या

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या संस्थेच्या फार्मसी कॉलेजची माजी विद्यार्थिनी. १९९९ ते २००३ अशी चार वर्षं मुलींच्या वसतिगृहात राहून मी बी.फार्म. केलं. गेली सोळा-सतरा वर्षं नाशिकमध्येच, सातपूरला माझं मेडिकल आहे. संस्थेच्या वार्षिक अंकाला जाहिरात देणाऱ्यांच्या यादीत माझ्या दुकानाचं नाव दरवर्षी छापून येतं. म्हणजे मी तुम्हाला अगदीच परकी नाही.

गेल्या महिन्यात तुम्ही एक निर्णय घेतलात. 'लैंगिकता संवाद' या नावाने चार सत्रं ठरली होती. पहिलं झालं, उरलेली तीन रद्द झाली. दुसऱ्या सत्रात मला बोलायचं होतं. ते रद्द झाल्याचं एका ओळीच्या निरोपाने कळलं. वाईट वाटलं, पण तेवढ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. कार्यक्रम ठरतात, रद्द होतात. मी लिहिते आहे ती पेटीसाठी.

पेटी म्हणजे काय, तर बुटांचा एक खोका. वरून तपकिरी कागद लावलेला, झाकणाला चीर पाडलेली. सत्रं आखणाऱ्या प्राध्यापक मॅडमनी पहिल्या दिवशी तो वर्गात ठेवला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नाव लिहू नका. प्रश्न कोणाचा, हे कोणीही शोधणार नाही.' सत्रांना नाव नोंदवलेले सगळे जण अठरा वर्षं पूर्ण केलेले होते, ते तुमच्याच कार्यालयाने ओळखपत्रं पाहून तपासलं होतं. आठवडाभरात शंभराहून जास्त चिठ्ठ्या जमल्या. उत्तरांची तयारी करता यावी म्हणून मॅडमनी त्या मला वाचायला दिल्या. शटर खाली ओढून दोन रात्री मी त्या वाचल्या, विषयवार लावल्या आणि जशाच्या तशा परत केल्या. एकीचाही फोटो काढला नाही.

आज ती पेटी तुमच्या कार्यालयाच्या कपाटात आहे. तिच्यातली एक चिठ्ठी पालकांच्या शिष्टमंडळासमोर मोठ्याने वाचली गेली, आणि ती कोणाची हे शोधण्यासाठी तिचं अक्षर उत्तरपत्रिकांशी ताडून पाहायचं ठरलं. हे मला त्या बैठकीला हजर असलेल्या एका पालकांनीच सांगितलं. त्यांची स्वतःची मुलगी आपल्या कॉलेजात आहे. सांगताना त्यांचा आवाज नीट निघत नव्हता.

ती चिठ्ठी मी वाचली आहे. दोनच ओळी आहेत. लिहिणारी म्हणते की तिला तिची मैत्रीण आवडते, मैत्रीण आवडावी तशी नव्हे, वेगळी. आणि विचारते, हे कधी जातं?

बाकीच्या चिठ्ठ्यांतलं काहीही मी इथे शब्दशः देणार नाही. कोणाची बोलण्याची लकबसुद्धा ओळखू येता कामा नये. ही एक चिठ्ठी तुम्ही स्वतःच चव्हाट्यावर आणलीत, म्हणून तिच्याबद्दल बोलते आहे. आणि दुसरंही कारण आहे. हाच प्रश्न २००१ साली, तुमच्याच वसतिगृहात, मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला होता. टाकायला पेटी नव्हती. ते पान फाडून मी न्हाणीघराच्या बंबात जाळलं.

मी समलैंगिक आहे. या गावात हे वाक्य मी आजवर सात-आठ माणसांपुढे बोलले असेन. आज सगळ्यांपुढे बोलते आहे, कारण अक्षर ताडून तुम्ही ज्या मुलीला शोधता आहात, ती तुम्हाला एकटी सापडू नये.

त्या वर्षी मी उत्तर शोधायला आपल्याच ग्रंथालयात गेले होते. मानसशास्त्राचं एक जुनं, बांधणी सुटलेलं पुस्तक मिळालं. माझ्यासारखीची नोंद त्यात 'विकृती' या प्रकरणात होती. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १७ मे १९९० लाच काढली होती. मी ते पुस्तक उघडलं तेव्हा त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती, पण पुस्तक बदललं नव्हतं आणि सांगणारं कोणी नव्हतं. पुढे धीर करून शहरातल्या एका डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आईला आत बोलावून घेतलं आणि म्हणाले, "लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल." आईने त्यांच्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवला. २००५ मध्ये माझं लग्न झालं.

ज्याच्याशी झालं तो माणूस वाईट नव्हता. हा परिच्छेद मी त्याला वाचायला पाठवला, त्याने होकार दिला, मगच इथे ठेवला. मी त्याच्यापासून लांब राहायचे. का, ते मला धड सांगता येत नव्हतं. मग त्याने त्याच्यापरीने कारण शोधलं. बायको जवळ येत नाही, म्हणजे खोट आपल्यातच असणार, आपल्यात 'कमजोरी' असणार. मुतारीच्या भिंतीवर रंगवलेला असतो तसल्या एका नंबरावर त्याने फोन लावला. दर महिन्याच्या पगारातून पुड्या येऊ लागल्या. एकदा कपडे भिजवताना त्याच्या पँटच्या खिशात मला एक पुडी सापडली. मी बी.फार्म. झालेली. त्या पुडीत काही अर्थ नाही हे मला कळत होतं, त्याच्यात काही कमी नाही हेही कळत होतं. पण हे त्याला सांगायचं तर पुढचं वाक्य माझ्याबद्दल बोलावं लागणार होतं, आणि त्या वाक्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हता. मी पुडी परत खिशात सरकवली आणि पँट न भिजवता खुंटीला अडकवली. तीन वर्षं आम्ही दोघं आपापली चुकीची समजूत उशाला घेऊन एका घरात झोपलो. २००८ मध्ये परस्पर संमतीने वेगळे झालो. त्याचं पुढे लग्न झालं, दोन मुलं आहेत, दिवाळीला त्याच्या बायकोचा न चुकता फोन येतो. पण ती तीन वर्षं त्याला मी परत देऊ शकत नाही.

शब्द मला मिळाला तो २००९ च्या जुलैत. दुकान नवं होतं. सॅनिटरी पॅडचा पुडा तेव्हा कागदात गुंडाळूनच द्यायचा असे. आजही पुष्कळ बायका तसाच मागतात. मी रद्दीतला पेपर ओढला, तो ३ तारखेचा निघाला. पहिल्या पानावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाची बातमी होती: समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७, प्रौढांची संमती, समलैंगिक. मी वाचत राहिले, समोरची बाई ताटकळली. तो कागद काढून ठेवला आणि पुडा दुसऱ्या कागदात बांधून दिला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते.

त्यानंतरही सगळं एका रात्रीत उमगलं असं झालं नाही. आपण उभयलैंगिक तर नाही ना, हा प्रश्न मी पुढची दोन-तीन वर्षं वागवला. वाचलं, पुण्या-मुंबईच्या माणसांशी फोनवर बोलले, गप्प बसले, पुन्हा बोलले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा तो निकाल फिरवला तेव्हा पुन्हा कवाड लावून घेतलं. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीने होणारे असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. स्वतःला ओळखायला कोणाला सहा महिने लागतात, कोणाला वीस वर्षं. विचारायला जागा असली की हा काळ माणूस निदान भीतीशिवाय काढतो, आणि आपल्या न कळण्याचा भार भलत्याच माणसावर टाकत नाही. ती जागा एका बुटाच्या खोक्यात झाली होती.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही शब्द मोडलात. खोक्यावरचं ते वाक्य मॅडमनी लिहिलं असेल, पण वर्ग तुमचा होता, परवानगी तुमची होती, तुमच्या शिक्क्याचं परिपत्रक भिंतीवर लागलेलं होतं. मुलांनी संस्थेवर भरवसा टाकला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमुखाने सांगितलं आणि लैंगिक कल हा त्याचाच भाग मानला. ती चिठ्ठी कोणाची हे कळलं, तर तुम्ही काय करणार आहात? घरी कळवणार? त्या घरात पुढे काय होईल, याची जबाबदारी कार्यकारिणीतले कोण घेणार आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळही घातला आहे. विद्यार्थ्यांनी केला तर तो छळ ठरतो. तोच संस्थेने केला तर त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

दुसरी तक्रार मॅडमना दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीबद्दल. त्यांनी परवानगी घेतली होती, वय तपासलं होतं, पहिल्या सत्राला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आणले होते. याहून नेटकं कोणी काय करायचं?

तिसरी तक्रार जरा सविस्तर लिहिते, कारण ती माझ्या धंद्याची आहे. रद्द केलेल्या सत्राच्या जागी तुम्ही 'आदर्श तारुण्य' या विषयावर एका पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलंत. मी मागच्या रांगेत बसून ते पूर्ण ऐकलं, वहीत उतरवून घेतलं. त्यात जे सांगितलं गेलं ते मी रोज काउंटरवर निस्तरते.

पाहुणे म्हणाले, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, तो गेला की स्मरणशक्ती जाते. हे खरं नाही. वीर्य रक्तापासून साठत साठत बनत नाही. त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो, शुक्रजंतू वृषणात सतत तयार होत असतात. झोपेत वीर्य जाणं ही वयात आलेल्या शरीराची रीत आहे. आपण त्याला 'स्वप्नदोष' म्हणतो आणि त्या नावातच मुलाला दोषी ठरवून मोकळे होतो. हस्तमैथुनाने ना बुद्धी कमी होते, ना नजर, ना पुढे मूल होण्याची ताकद. 'धात' जाते या धास्तीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. एन. एन. विग या आपल्याच मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. साठ-पासष्ट वर्षं झाली. माझ्या दुकानात अंबडच्या कारखान्यांतली पोरं शिफ्ट सुटल्यावर येतात, बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाजूला उभी राहतात आणि मग हळूच म्हणतात, "मॅडम, ताकदीचं काही?" पिळदार अंगाची, धडधाकट पोरं. काहींनी आधीच कुठल्या तरी तंबूत दोन-दोन महिन्यांचा पगार मोजलेला असतो. संभोगशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती तरीही रंगलेल्या आहेत, आणि आता तीच जाहिरात तुमच्या सभागृहात, माइकवरून, फुकट झाली.

पुढे पाहुणे मुलींकडे वळले. पावित्र्य हा स्त्रीचा दागिना, पहिल्या रात्री त्याची परीक्षा होते, असं म्हणाले. योनिपटल म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली पातळ, लवचीक घडी. ती प्रत्येकीची वेगळी असते, काहींची जन्मतःच अगदी नावापुरती असते. पहिल्या संबंधाच्या वेळी रक्त न येणाऱ्या मुली पुष्कळ असतात. कौमार्य तपासता येईल अशी कुठलीही वैद्यकीय चाचणी नाही, आणि अशा चाचण्या बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये जगाला सांगितलं. आपल्याच गावात, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. त्या विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणं' हा भाग एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमातून काढून टाकला, कारण त्याला शास्त्राचा आधार नाही. जे भावी डॉक्टरांना शिकवायचं नाही असं ज्या शहरात ठरलं, त्याच शहरात ते तुम्ही बी.कॉम.च्या मुलींना शिकवलंत. त्या दिवशी माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती. हे वाक्य आल्यावर तिने पेन बंद केलं आणि शेवटपर्यंत उघडलं नाही.

गर्भ राहू नये म्हणून संबंधानंतर घ्यायच्या ७२ तासांच्या गोळीबद्दलही पाहुणे बोलले: ती घेतली की गर्भपात होतो आणि मग कायमचं वांझपण येतं. ती गोळी मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम होत नाही, आणि ती जितकी लवकर घ्यावी तितकी जास्त उपयोगी. रोजच्या वापरासाठी ती नाही, आणि एचआयव्ही किंवा इतर लैंगिक आजारांपासून तिने बचाव होत नाही. त्यासाठी निरोध आहे. एवढं चार मिनिटांत सांगून होतं. सोमवारी सकाळी माझ्याकडे ती गोळी मागायला येणाऱ्यांना मी ते सांगते, काळ्या पिशवीत पुडी घालता घालता. यातलं काहीही त्यांना कोणी आधी सांगितलेलं नसतं. लग्न झालेल्यांनाही नसतं.

आणि शेवटी पाहुण्यांनी समलैंगिक, तृतीयपंथी आणि नपुंसक हे तिन्ही शब्द एका दमात वापरले, हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे म्हणाले, आणि लग्न हा उपाय सांगितला. सभागृहात टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. शाळेपासून 'बायल्या' हा शब्द शिवी म्हणूनच ऐकला असेल, तर वेगळं ते कुठून शिकणार? म्हणून सावकाश सांगते. आपल्याला कोण आवडतं, पुरुष, स्त्री, दोन्ही किंवा कोणीच नाही, तो लैंगिक कल. आपण स्वतःला आतून स्त्री मानतो, पुरुष मानतो की आणखी काही, ती लिंगभावाची ओळख. जन्मतः शरीराची ठेवण कशी आहे, ही तिसरी गोष्ट. आणि संभोगाची शारीरिक अडचण हा वैद्यकीय प्रश्न, तो कोणालाही येऊ शकतो, त्याचा वरच्या तिन्हींशी संबंध नाही. मी बाई आहे, बाई म्हणूनच जगते, साडी नेसते, आणि मला बाईवर प्रेम करता येतं. यात गोंधळ काहीच नाही.

हा कल औषधाने, समुपदेशनाने, मारझोडीने किंवा लग्नाने बदलत नाही. समलैंगिकता हा मानसिक आजार नाही, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलं. हा कल 'बरा' करण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन मानलं जाईल, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कळवलं. माझ्या आईला सल्ला देणारे ते डॉक्टर आज असते, तर त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

परदेशातून आलेल्या गोष्टींचंच बोलायचं, तर परदेशातून आलं ते कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घातलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. आणि मराठी संस्कृतीचा दाखला देणार असाल, तर रघुनाथ धोंडो कर्वे यांना वगळून देता येणार नाही. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना कॉलेजची नोकरी सोडावी लागली, म्हणजे मॅडमना जी नोटीस मिळाली तिची परंपराही जुनीच आहे. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. त्यात लोक पत्राने प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच्या चारच वर्षं आधी, २ मार्च १९३० रोजी, त्यांनी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला होता. ज्या दारावर तेव्हा माणसं अडवली गेली, ते आपल्या कॉलेजपासून लांब नाही. कर्वे तो खटला हरले, त्यांना दंड झाला. लोकांचे प्रश्न मात्र थांबले नाहीत. आज ते तुमच्या कपाटात कुलूपबंद आहेत.

चौथं, तुम्ही शिष्टमंडळाला दिलेलं कारण: 'अशा चर्चेने मुलं बिघडतात.' २००७ मध्ये आपल्या राज्य सरकारने नेमकं हेच म्हणून शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आणली होती. त्या वर्षी सातवी-आठवीत असलेली मुलं आता तिशी ओलांडून गेली. ती माझ्या काउंटरवर येतात. मुलगी झाली म्हणून बायकोला दूषण देणारा बाप त्यांत आहे. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे त्याला ठाऊक नाही. एचआयव्ही असलेल्या भावाचं ताट वेगळं ठेवणारी बहीण त्यांत आहे. ताटातून तो पसरत नाही, हे तिला कोणी सांगितलेलं नाही. त्या वेळी गप्प राहून त्यांना कशापासून वाचवलं? सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात, लैंगिक शिक्षणाने मुलं स्वैर होतात हा गैरसमज असल्याचं स्पष्ट लिहिलं आणि सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही तेच आहे.

पालकांची भीती मी हलक्यात घेत नाही. ती प्रेमातून येते. माझ्या आईची तशीच होती. पण भीती वाटली की विचारायचं असतं, आणि विचारण्यात वयाचा किंवा पदाचा कमीपणा नसतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये दोन मुलींचं प्रकरण आलं. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि घरच्यांपासून संरक्षण हवं होतं. आपल्या मनातच पूर्वग्रह आहेत, हे न्यायमूर्तींनी उघड मान्य केलं. निकाल लिहिण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे विद्यार्थ्यासारखे बसले, समलैंगिक, तृतीयपंथी माणसांशी बोलले, आणि मग ७ जूनला आदेश दिला. ज्या गावात मे महिन्याच्या संध्याकाळी माणसं गोदाघाटावर सतरंजीवर बसून व्याख्यानं ऐकतात, त्या गावातल्या कार्यकारिणीला एक दुपार ऐकायला बसणं जड जाऊ नये.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

अक्षर ताडून पाहण्याचं काम आजच थांबवा आणि थांबवल्याचं लेखी जाहीर करा. सगळ्या चिठ्ठ्या मॅडमच्या आणि दोन विद्यार्थी प्रतिनिधींच्या ताब्यात द्या; त्यांची उत्तरं दिली गेली की त्या सर्वांसमक्ष नष्ट करा. कोणाच्याही घरी फोन जाणार नाही, याची हमी द्या. एखादा फोन आधीच गेला असेल, तर त्या घराशी बोलायला प्रशिक्षित समुपदेशक द्या, शिपाई किंवा लिपिक नव्हे.

मॅडमची नोटीस मागे घ्या.

उरलेली तीन सत्रं याच सहामाहीत घ्या. बोलणारे डॉक्टर आणि समुपदेशक तुम्ही निवडा. मी नको असेन तर माझी हरकत नाही. मात्र 'आदर्श तारुण्य' व्याख्यानात सांगितलेल्या चुकीच्या गोष्टींची दुरुस्ती त्याच सभागृहात, त्याच मुलांपुढे व्हायला हवी. या तिन्हींतल्या पहिल्या सत्राला कार्यकारिणीने स्वतः बसावं, पुढच्या रांगेत नको, मुलांच्यात.

आणि ग्रंथालयातली मानसशास्त्राची जुनी पुस्तकं कोणीतरी जाणकाराने एकदा तपासावीत. ते बांधणी सुटलेलं पुस्तक अजून तिथेच असेल अशी मला शंका आहे.

पंधरा दिवस मी वाट पाहीन. त्यानंतर हे सगळं विद्यापीठाकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी कक्षाकडे लेखी जाईल. तुमच्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर माझं नाव, पत्ता आणि सही आहे. इथे नाव दिलेलं नाही, त्याचं कारण एवढंच की गेली अकरा वर्षं मी जिच्याबरोबर संसार करते ती शाळेत शिकवते, आणि तिचं नाव उघड करायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे.

राहिलं ते चिठ्ठीचं उत्तर. मला ते वर्गात द्यायचं होतं. तुम्ही वर्ग बंद केलात, म्हणून इथे देते. कार्यकारिणीने हा शेवटचा भाग सोडून दिला तरी चालेल.

बाळा, तू विचारलंस, हे कधी जातं. माझं गेलं नाही. जायला हवं असं त्यात काही नाही, हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली. तुझं कदाचित वेगळं असेल. आज जे वाटतं त्याला आजच नाव द्यायची सक्ती तुझ्यावर कोणी केलेली नाही. नाव सापडलं तर तुझं, नाही सापडलं तरी तू आहेस तशी ठीक आहेस. घरी सांगायची घाई करू नकोस. आधी शिक्षण पूर्ण कर, हातात चार पैसे येऊ देत, एक तरी माणूस असं जोड की ज्याच्यापुढे रडता येईल. फार एकटं वाटलं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि अक्षर कोणी पाहत नाही. कोणी म्हणालं की लग्न केलं की सुटेल, तर त्याला माझी ती तीन वर्षं सांग. त्या मैत्रिणीला सांगायचं की नाही, ते मात्र मला सांगता येणार नाही. मी माझीला कधीच सांगितलं नाही. ती आता पुण्याला असते, तिची मुलगी तुझ्याएवढी असेल.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, २००३ ची तुकडी
सातपूर, नाशिक